बापाच्या पट्ट्याचं सील

माजा जल्म चौक गावचाच. आजा माजा गावची मेलेली ढोरं ओढायचा, कातडं सोलायचा, ते काम त्यानं मागून घेतलेलं नाय, गावानं त्याच्या अंगावर टाकलेलं. मंग आमच्या लोकांनी धम्म घेतला आन् बापानं ते सोडलं ते सोडलंच, भिवपुरीच्या वीजघरावर वॉचमन लागला. खाकी कपडं, आन् कमरंला चार बोटं रुंद चामडी पट्टा, काय सांगू तुम्हाला, रोज पालिश करायचा त्याला, ड्युटी असो नायतर नसो. मला म्हणायचा, लेका, लोखंडाला हात लाव, चामड्याला लावू नको. मी म्हटलं नाय लावणार. दहा वर्षांचा असंन मी तवा.

म्हणून मी रस्त्यावरच्या गॅरेजात लागलो, उस्तादाकडं. उस्तादाची एक जुनी फटफटी होती. आता बघा, फटफटीच्या पुढच्या दोन पायांत, शॉकअप म्हणतो आमी, त्यात तेल असतं, ते बाहेर येऊ नये म्हणून एकेक गोल सील बसवायचं. आताची रबराची येतात, त्या गाडीला चामड्याची लागायची. उस्ताद चामडं गोल कापायचा, कोमट तेलात मऊ करायचा, आन् लाकडी साच्यात दाबून वाटीसारखं करायचा. मला म्हणाला काप. मी म्हटलं, उस्ताद, बाकी काय बी सांगा, पण चामडं मी कापणार नाय. त्यानं माज्याकडं बघितलं आन् बरं म्हणाला, परत कधी सांगितलं नाय. तो कापायचा, मी बसवायचो. असा माणूस मिळत नाय हो.

त्याच फटफटीवर मी मंदाला भिवपुरीहून आणली, आमची मंदा, माजी बायको. तिची थोरली बहीण आक्का दारात उभी होती आवाज विरंपर्यंत. पुढं उस्ताद गेला, जाताना गाडी माज्या नावावर करून गेला. शॉकअप गळायला लागले तशी गाडी कोपऱ्यात उभी राहिली, राहिली ती राहिलीच. मधी बसायचो मी तिच्यावर, दुपारचा, स्टँडवर असतानाच. डोळं मिटलं की कर्जतचा पूल यायचा, भाताचा वास यायचा, मंदाचा हात खांद्यावर यायचा.

आता आक्काचं डोळं गेलं. अंथरुणालाच हाय. मंदाला म्हणाली, मंदे, एकदा त्या फटफटीवर ये गं, आवाजावरनं वळखीन. झालं, मंदा रोज त्या गाडीवरची धूळ पुसायला लागली.

मी सीलं शोधली. खोपोलीत शिळफाट्याला शोधली, मुंबईला माणूस धाडला, त्या मापाचं आता कोण बनवत नाय. शेवटी एका जुन्या दुकानदाराकडं रबराची एकच जोडी निघाली. आन् मी काय केलं, तर उस्तादाचं बघून बघून हाताला लागलेली सवय, ती सीलं तेलात टाकून शेगडीवर ठेवली. रबराला काय भिजवायचंय, पण हात ऐकतो व्हय. आन् डोळा लागला. मोठा रस्ता झाल्यापासून गाड्या तिकडनंच जातात, आमच्या रस्त्याला दुपारची झोप लय गोड येते. झोपंत बाप आला, बाकावर बसला, पट्टा सैल केला. जागा झालो तवा तेल धुरकत होतं आन् सीलं वाकडी होऊन कडक झालेली, पापडावानी.

मंदाला सांगायला तोंड नव्हतं. तरी सांगितलं. उस्तादाचा साचा डब्यात हाय, म्हटलं, चामडं कापून होईल, पण बापाला शब्द दिलाय. मंग ती उठली आन् खुंटीवरचा बापाचा पट्टा काढून माज्यापुढं ठेवला. म्हणाली, हे बी चामडंच हाय, मामंजींनी जल्मभर कमरंला बांधलं. आज्याकडनं लोकांनी करून घेतलं, तुमाला कोण जबरी करतंय. मनात आलं तर कापा, नायतर राहू द्या, आक्काला सांगीन मी.

रडलो मी, खोटं कशाला बोलू. दोन दिवस पट्टा नुसता हातात धरून बसलो. तिसऱ्या दिवशी बक्कल सोडवलं आन् कापला. दोन चकत्या काढल्या, कोमट तेलात भिजवल्या, ह्या टायमाला शेगडीपासनं हललो नाय. साच्यात दाबल्या, वाळल्या तशा कडा तासल्या आन् बसवल्या. पहिल्यांदा कापलं बी मीच आन् बसवलं बी मीच.

आन् गेलो आमी, सकाळच्या उन्हात, हळूहळू, कर्जतवरनं. मंदाचा हात खांद्यावर. मी जागा हाय का गॅरेजात डोळं मिटून बसलोय, मलाच कळंना. आक्काला खाटंसकट दारात आणून ठेवलेली. आमी वळणाच्या पल्याड होतो, घर दिसत पण नव्हतं, तवा ती म्हणाली म्हणे, आली गं मंदी. तिच्या सुनंनं सांगितलं आमाला. मंदा आत गेली, मी बाहेर वाकून दोनी शॉकअपवरनं बोट फिरवलं. कोरडं होतं.

आता दर पौर्णिमेला जातो. उरलेला पट्टा बक्कल लावून परत खुंटीला टांगलाय, जरा आखूड झालाय एवढंच. सकाळी शटर उघडायच्या आधी पालिश मारतो त्याला. बाप रागावला असंल तर असू दे, झोपंत येईल तवा विचारीन. पण तवापासनं आला नाय, म्हंजे रागावला नसंल. तुमचं बी बरं होवो, चहा घेऊन जा.