चौथ्या मंडळीचं पान

मुलगी: पाचवी मंडळी झाली, सहावी झाली. चौथीचं पान कोरंच राहिलंय, पप्पा.

पाळक: सात वर्षं सेवा केली, एवढं लिही.

मुलगी: बस? पहिल्या मंडळीच्या चर्चचं गळकं छप्पर दीड पान चाललं. चाळीस वर्षांच्या पाळकी सेवेच्या आठवणी छापताय आणि सात वर्षं एका ओळीत?

पाळक: ओळ लांब कर हवी तर.

मुलगी: टाळू नका. मी दहा वर्षांची होते तेव्हा. तिथलं बाप्तिस्म्याचं टाकं अजून आठवतं मला. व्यासपीठाखाली, फळ्यांनी झाकलेलं. तुम्ही त्या फळ्यांवर उभे राहून उपदेश करायचात आणि मला वाटायचं, आता पडणार.

पाळक: तिथले हेडमास्तर येतायत आज चार वाजता.

मुलगी: ते? दरवर्षी फोन करतात ते?

पाळक: लग्न करतायत. एका नर्सशी. आशीर्वाद मीच द्यायचा, असा हट्ट आहे.

मुलगी: चांगलं आहे की. किती वर्षं एकट्याने काढली बिचाऱ्यांनी. बायको जिन्यावरून पडून गेली ना त्यांची?

पाळक: ते टाइप करणं थांबव जरा.

मुलगी: थांबवलं. काय झालं?

पाळक: तिचा बाप्तिस्मा मीच केला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती तिच्या. पांढरा झगा घालून टाक्यात उतरली. कमरेएवढं पाणी. मी दंडाला धरलं तशी कळवळली. झगा भिजून अंगाला चिकटला होता, आतली बोटं दिसत होती. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

मुलगी: वळ?

पाळक: जुने पिवळे, त्यांच्यावर नवे निळे. मी शब्द म्हटले, तिला पाण्याखाली नेलं, वर काढलं. वर आल्यावर ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मागे रांग होती. मी पुढच्या माणसाला हात दिला.

मुलगी: आईला तरी सांगितलंत?

पाळक: नाही. पुढच्या आठवड्यात ती आपल्या घरी आली, तुझी आई बाहेर गेली होती. "परत जाऊ का?" एवढंच विचारलं तिने. नवरा डीकन, शाळेत नाव, मंडळीचं निम्मं काम त्याच्या खांद्यावर. मी म्हटलं, जा, सांभाळून घे. मी प्रार्थना करतो.

मुलगी: आणि केलीत?

पाळक: केली ना. रोज. अकरा दिवस.

मुलगी: पप्पा.

पाळक: पोलीस आले तेव्हा तो खाली मान घालून बसला होता. मीच बोललो. पायरी ओली होती म्हणालो. दफनाच्या वेळी मंडळीपुढे पुन्हा तेच. पायरी मी बघितलीसुद्धा नव्हती. आता दरवर्षी ती गेली त्या तारखेला त्याचा फोन येतो. "पाळकसाहेब, तुमच्या चार शब्दांवर उभा आहे मी." तुला वाटतं, आभार मानतो.

मुलगी: मग काय करतो?

पाळक: आठवण करून देतो.

मुलगी: तब्येतीचं कारण सांगा. येऊच नका म्हणावं.

पाळक: मग तो दुसरा कुणी पाळक शोधेल. पाळकांना काय तोटा आहे?

मुलगी: आणि तुम्ही तोंड उघडलंत तर? इतकी वर्षं गप्प का होतात, हेच विचारतील आधी. तो तर तुमच्यावरच ढकलेल सगळं.

पाळक: विचारू देत. विचारायलाच हवं कुणीतरी.

(फोन वाजतो.)

पाळक: बोला, हेडमास्तर... खालीच आहात? नाही, दोघं नको. आधी बाईंना एकट्यांना पाठवा. लग्नाआधी नवरीशी एकटीशी बोलायची रीत आहे माझी... कधीपासून? आजपासून. तुम्ही गाडीतच बसा.

मुलगी: काय म्हणाले?

पाळक: हसला. पाच मिनिटं म्हणाला.

मुलगी: आल्या वाटतं. या, आत या. चपला राहू द्या.

नर्स: नमस्कार, पाळकसाहेब. दार उघडंच ठेवा म्हणालेत ते. आणि तुम्ही काही विचारलंत तर नुसतं हो म्हणायला सांगितलंय मला. जरा धाक आहे हो त्यांचा.

पाळक: गाडीत बसलेत ना?

नर्स: नाही, माझ्या मागोमाग चढले. जिन्याच्या वळणावर थांबलेत.

पाळक: पोरी, दार लाव. कडी घाल.

मुलगी: घातली.

पाळक: बसा, बाई. पहिली बायको कशी गेली, हे सांगितलंय त्यांनी तुम्हाला?

नर्स: पहिल्याच भेटीत. काही लपवलं नाही त्यांनी. पायरी ओली होती म्हणाले.

पाळक: ते वाक्य त्यांचं नाही, बाई. माझं आहे.