म्हशीखाली मासा

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्यासारखं इंग्रजी कुणाचं नाय. सातवीला त्याच विषयात दोनदा आपटलोय, उगाच नाय. पण माझी पोरगी सुमन व्हिएतनामात इंग्रजी शिकवायला गेली, मग बाप थोडा भाव खाणारच.

पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. आवाज रडवेला. "बाबा, एकपण पोर तोंड उघडत नाय. सुट्टीनंतर मोठ्या बाई वर्गात येऊन बसणार. असंच चाललं तर मला परत पाठवतील."

"मग ये की. वालाच्या शेंगा भरल्यात. तुझ्यावाचून पोपटीचं मडकं जाळात लावलं नाय अजून."

"चेष्टा नको. उपाय सांगा."

सांगूच नये असं मनात होतं. पण सांगितला. "पोपटीला कोणी पाहुणा गप्प बसला की मी काय करतो? शेंगांचं मडकं जाळात उलटं ठेवायचं, ते मी मुद्दाम सुलटं ठेवतो. मग घुम्यातला घुमापण मला शिकवायला लागतो. तू फळ्यावर म्हैस काढ आणि खाली इंग्रजीत मासा लिही."

संध्याकाळी परत फोन. सगळा वर्ग उठून ओरडला म्हणे, दोघं तर खडू घ्यायला धावली. मोठ्या बाई हसल्या. नोकरी टिकली.

"बरं झालं," मी म्हटलं. "आता राहा तिकडे आरामात. आम्हाला तुझी आठवणसुद्धा येत नाय."



"बाबा, म्हशीखाली मासा लिहू नका."