वामनभाऊंनी परत केलेला हार

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. आठवीतच शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

मी शहराबाहेर बेसाकडे नाल्याजवळ प्लॉट घेणार होतो. आईबाबांची सगळी बचत त्यात जाणार होती. निवडणूक होती आणि प्रचाराला येणारा प्रत्येक उमेदवार सांगायचा, "लेआउट मंजूर झालाच समजा."

मग वामनभाऊ आले, तेही उमेदवारच. मंडप प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवाल्याचा, गळ्यातला हारही त्याचाच. मी चारचौघांत बोलत नाही, पण कसाबसा उठलो.

"भाऊ, नाल्याजवळचा प्लॉट घेऊ का?"

"नको घेऊ गा. तिथून रस्ता जाणार हाये, नकाशात हाये. मी निवडून आलो तरी तो हटत नाही."

लेआउटवाला उसळला. "भाऊ, माझ्याच मंडपात माझा धंदा काहून बुडवून राहिले?"

वामनभाऊंनी हार काढून त्याच्या हातात दिला. "हा घ्या तुमचा हार. उद्या या पोराचं घर पाडलं, तर मी त्याले कोणत्या तोंडानं भेटू?"

त्या माणसाने आमचं घर वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सौदा मोडला. मग कामाला हिंगण्याला नेणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये उठून उभा राहिलो आणि सगळ्यांकडे वामनभाऊंसाठी मत मागितलं.