आईंसाठी काढलेली निविदा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय जागेश्वर धकाते साहेब; मंचावर विराजमान सर्व अधिकारीवर्ग; कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी; कोराडी वीज केंद्राच्या वसाहतीतल्या माझ्या जुन्या शेजारणी; समोर बसलेले तमाम बंधू-भगिनी; आणि पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर बसलेल्या माझ्या सासूबाई मीराबाई, ज्यांना ऐकू जरा कमी येतं आणि म्हणूनच मी एवढ्या हिमतीनं माइकसमोर उभी आहे; आपणा सर्वांना माझा सविनय जयभीम आणि नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मघाशी जाहीर केलं की आता सत्कारमूर्ती प्रेमानंद लोणारे साहेबांच्या सुविद्य पत्नी मायाताई दोन शब्द बोलतील. त्यांची चूक झाली. मी शाळेतली बाई आहे. आम्हांला कोणी दोन शब्द म्हटलं की आम्ही अख्खा तास घेतो. तरी अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहू नये, जेवण गरमच आहे, मी स्वतः पाहून आले.

आतापर्यंत सगळ्या वक्त्यांनी आमच्या ह्यांचं भरभरून कौतुक केलं. कोणी म्हणालं, खरेदी विभागाचा कणा. कोणी म्हणालं, लोणारे साहेबांच्या हातून उभ्या नोकरीत एक चुकीचा नट-बोल्ट आला नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बायकोनं नाही वाजवायच्या तर कोणी? पण वाजवता वाजवता मनात म्हटलं, एक खरेदी या लोकांना ठाऊक नाही. ती सांगितल्याशिवाय हा निरोप पुरा होणार नाही. सत्कारमूर्ती माझ्याकडे डोळे वटारून पाहून राहिले आहेत. पाहू द्या. आज त्यांच्या गळ्यात हार आहे, त्यांना उठता येत नाही.

गेल्या वर्षी आई आमच्या सक्करदऱ्याच्या घरी मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उठता-बसता, बाथरूमला जाता-येता सोबत माणूस पाहिजेच. मी दिवसभर शाळेत, हे दिवसभर कोराडीला. मग घरी आईंजवळ कोण? आणि जो कोण येईल त्याच्या हाती आपली म्हातारी द्यायची, तर भरवसा ठेवायचा कसा? बंधू-भगिनींनो, हसू नका. हा प्रश्न आज या हॉलमधल्या अर्ध्या घरांत आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांत येणार आहे.

दुसऱ्यांच्या घरी काय करतात? शेजारच्या काकूंना विचारतात, चार ओळखीच्यांना फोन करतात. आमच्या घरी निविदा निघाली.

खोटं वाटते? विचारा त्यांना. रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर अटी व शर्ती तयार झाल्या. तीन एजन्स्यांची कोटेशनं आली. तुलनात्मक तक्ता झाला. माझे दीर प्रशिक पुण्याला असतात, ते व्हिडिओ कॉलवर समितीचे सदस्य. मी सहीपुरती. आणि आई? आई आतल्या खोलीत पलंगावर. त्यांच्यासाठी काय येऊन राहिलं हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत.

मग पाहणी. नागपुरातल्या एका मोठ्या एजन्सीच्या ऑफिसात आम्ही गेलो. नाव घेत नाही, कारण त्यांची सेवा कशीही असो, वकील चांगला असणार. काय ते ऑफिस! एसी, मासोळ्यांची काचेची पेटी, भिंतीवर एका गोऱ्या आजीबाईंचा हसरा फोटो. तसं हसणारी म्हातारी मी नागपुरात अजून पाहिली नाही. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, आम्ही पेशंटला पेशंट मानतच नाही, आम्ही त्यांना परिवार मानतो." मी म्हटलं, "परिवारच पुरला असता तर आम्ही इथे कशाला आलो असतो?" ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

त्यांनी समाधानी ग्राहकांचे तीन नंबर दिले. आमच्या साहेबांनी तिन्ही लावले, अर्थात. तिघांनीही तेच वाक्य ऐकवलं, "अतिशय उत्तम सेवा, घरच्यासारखी." तिसऱ्या बाईंनी तर सगळं कौतुक करून झाल्यावर विचारलं, "पण भाऊ, तुम्ही कोणत्या एजन्सीबद्दल विचारून राहिले?" एवढं होऊनही त्या एजन्सीला गुण मिळाले. काहून मिळाले माहीत आहे? एका उत्तरासाठी.

ह्यांनी विचारलं होतं, "एखाद्या दिवशी बाई आलीच नाही तर?" व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, दोन तासांत दुसरी हजर."

काय सांगू तुम्हांला! लग्न ठरलं तेव्हाही एवढा आनंद मी त्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. तुम्ही सगळे जाणता, या माणसानं जन्मभर एकाच गोष्टीची धास्ती घेतली. स्पेअर मिळेल का? बेअरिंग गेलं तर स्पेअर, पंप बसला तर स्पेअर. प्लँट बंद पडता कामा नये. आणि इथे एक भला माणूस म्हणून राहिला होता की बाईचं स्पेअर दोन तासांत! ह्यांनी ती अट करारात ठळक अक्षरांत लिहून घेतली आणि घरी येताना वाटेत संत्रा बर्फी घेतली.

आणि एजन्सीनं शब्द पाळला हो. अगदी मनापासून पाळला. सोमवारी एक आली, मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरी. जिथे गरज पडेल तिथे ते आमची पोरगी हलवायचे आणि दोन तासांत आमच्याकडे दुसरी पाठवायचे, करारात तशी अट होतीच. सगळ्या गुलाबी ड्रेसमध्ये, गळ्यात ओळखपत्र, पोलिस पडताळणी झालेल्या. पोरी वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. बिचाऱ्या यायच्या, ताप पाहायच्या, बीपी पाहायच्या, संध्याकाळी जायच्या. उद्या कोणाच्या घरी, त्यांनाही ठाऊक नसायचं. प्रशिक भाऊजींनी पुण्याहून कॅमेरा पाठवला. ते तिकडून मोबाइलवर पाहून ग्रुपवर टाकायचे, "आई मस्त आराम करून राहिली." आणि हे चहा पिता पिता मला अभिमानानं सांगायचे, "पाहा माया, एक दिवस खाडा नाही."

आई मात्र दिवसेंदिवस सुकत चालल्या. बोलणं कमी झालं. ओठ कोरडे पडायचे. मी पेला भरून ठेवायची, तो संध्याकाळी तसाच. विचारलं तर म्हणायच्या, "तहानच नाई लागत वं." आणि एक दिवस अंगात सणकून ताप भरला, भलतंसलतं बोलायला लागल्या, मला ओळखेनात. दवाखान्यात नेलं. लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरांनी आम्हां दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "यांना पाणी कोणी देत नाही का घरी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताप उतरला तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसले आणि विचारलं, "आई, काहून जी पाणी पीत नाही तुम्ही?" आधी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "रोज नवीन पोरगी येते वं. रोज नव्यानं सांगा लागते, मले जा लागते म्हणून. लुगडं वर करा लागते तिच्यासमोर. कालचीचं तोंड ओळखीचं व्हाले आलं, तं आज दुसरीच. लाज वाटते मले. पाणीच नाई पेलं, तं सांगाच नाई लागत."

मी म्हटलं, "मग ह्यांना सांगायचं होतं." तर म्हणाल्या, "पोराले सांगू का हे? काहीही बोलते."

दारात हे उभे होते, हातात दवाखान्याची फाईल. त्यांनी सगळं ऐकलं. बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. आज तुम्ही ज्यांना खरेदी विभागाचा कणा म्हणून राहिले ना, त्यांना मी तिथे रडताना पाहिलं आहे. सांगू नको म्हणाले होते. पण आज निवृत्त झाले, आता गोपनीयतेचा नियम लागू नाही.

आता तुम्हांला वाटेल, माणूस सुधारला. छे! दोन दिवसांनी टेबलवर पुन्हा कागद. म्हटलं, हे काय? म्हणे, फेरनिविदा!

तेव्हा मात्र मी चिडले. म्हटलं, "अहो, बॉयलरवर एक व्हॉल्व्ह बसवायचा असला तर तुम्ही बॉयलरवाल्यांना विचारता ना, तुम्हांला कसा पाहिजे? त्यांच्या शिफारशीशिवाय तुमची फाईल हलत नाही. मग जिच्यासाठी बाई आणून राहिले, तिला एका शब्दानं विचारलं का तुम्ही?" ह्यांनी गुपचूप कागद गोळा केले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी जिंकलेला हा पहिला वाद. कृपया टाळ्या नकोत, नाहीतर घरी गेल्यावर फेरसुनावणी होईल.

पुढची मुलाखत आईंच्या पलंगाजवळ झाली. सक्करदऱ्यातच सुमतीताई म्हणून एक बाई आहेत, पूर्वी परिचारिका होत्या, आता दहा-बारा पोरींना घेऊन घरोघरी सेवा पुरवतात. ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची ओसरी. मासोळ्या नाहीत. त्या आल्या, सोबत भिवापूरची सोनिका नावाची मुलगी. ह्यांनी घसा साफ केला आणि सवयीनं विचारलं, "ही आली नाही तर?" सुमतीताई म्हणाल्या, "रविवारी नाहीच येणार. तिला सुट्टी असते. त्या दिवशी तुमचं तुम्ही पाहा. गावी जाणार असली तर आधी सांगीन, आणि बदलीची मुलगी ती स्वतः सोबत आणून आजींची ओळख करून देईल. ऐन वेळी माझ्याकडे कोणी नसतं, खोटं कशाला सांगू?"

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. स्पेअरच नाही! पण पलंगावरून आई बोलल्या, "हेच ठेव गा प्रेमानंद." हे म्हणाले, "अवं माय, रविवारी काय करशील?" आई म्हणाल्या, "हे बाई पोरीले सुट्टी देते, म्हणजे ते पोरीले माणूस समजते. मंग मले बी माणूसच समजन ना!"

माणूस निवडायची याहून मोठी कसोटी मला तरी कोणत्या पुस्तकात सापडली नाही. एजन्सी पाहायची तर आधी ती आपल्या पोरींशी कशी वागते ते पाहा. पडताळणी करा, कागद पाहा, ते पाहिजेच. पण ज्याची काळजी घ्यायची त्याला विचारा हो, तो अजून जिवंत आहे!

सोनिका काही देवी नाही. भात चिकट करते. दुपारी मोबाइलवर मालिका लावते आणि आईंना गोष्ट समजावून सांगते, खलनायिकेला दिलेल्या त्या दोघींच्या शिव्या शेजारपर्यंत ऐकू जातात. तिनं गावाहून आणलेल्या तिखटानं आमच्या साहेबांना एकदा नळाखाली तोंड धरावं लागलं. दोघींची भांडणं रोज. पण आई पाणी पितात. मागून पितात. आणि रविवारी? पहिल्या रविवारी मी बाजारात गेले होते, आणि कधीतरी ती वेळ येणारच होती, ती आली. मी परत आले तर हे बाथरूमच्या दाराशी पाठ करून उभे, डोळे घट्ट मिटलेले, हात मागे, आणि आतून आई ओरडून राहिल्या, "अबे, आंधळा झाला का? हात तं नीट दे!" तेव्हापासून मायलेकरांचं जमलं आहे.

असो. माझं भाषण लांबलं. आजही सोनिका नाही, भाचीच्या नामकरणाला भिवापूरला गेली आहे, तेव्हा... काय झालं आई? थांबा हं एक मिनिट. काय म्हणता?

ऐकलं का सगळ्यांनी? ऐकलंच असेल, त्यांना स्वतःचा आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही. "प्रेमानंद, मले जा लागते." एवढ्या भरल्या हॉलमध्ये, मुख्य पाहुण्यांसमोर! अध्यक्ष महोदय, मला माफ करा, माझे डोळे भरून आले, पण हे आनंदाचं आहे. मला आज त्या मानपत्रापेक्षाही याचं जास्त बरं वाटून राहिलं.

सत्कारमूर्ती उठले पाहा. अहो, हार तरी काढा! राहू द्या, तसेच जा.

तर, संघटनेनं हा देखणा सोहळा घडवला, आपण सर्वांनी एवढी वर्षं आमच्या ह्यांना सांभाळून घेतलं, त्याबद्दल लोणारे परिवारातर्फे अंतःकरणापासून आभार. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरची बाई समजून पोटात घाला. आणि त्या डावीकडच्या भाऊंनो, खुर्च्या जरा सरकवा, मायलेकरांना वाट द्या.