बादली ढवळली कुणी?

आता तुम्हीच सांगा, गुप्त म्हणजे गुप्त ना? पाठ्यपुस्तक समितीनं तसं लेखी कळवलं होतं हो, ठळक अक्षरांत, की पर्यावरण शिक्षणाचे जे पाठ शिक्षकांनी लिहून पाठवलेत ते दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घेणार, लिहिणाऱ्याचं नाव तपासणाऱ्याला कळणार नाही, तपासणाऱ्याचं लिहिणाऱ्याला कळणार नाही, आणि पास झालेले पाठ पुस्तकात छापून सगळ्या शाळांत जाणार. बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय मी. माझं नाव आजवर छापून आलंय ते फक्त मतदारयादीत, तेही आडनाव चुकवून. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

पाठवला पाठ. 'बादलीतलं खत'. झाकणाची बादली, त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर सुकी पानं, रोज ढवळायचं, मुलांनी वहीत नोंदी ठेवायच्या. आणि खाली ऐटीत लिहिलं, 'लेखकाने हा प्रयोग स्वतःच्या घरी सहा महिने स्वहस्ते केला आहे.' स्वहस्ते... शब्द सुचला म्हणून लिहिला हो, शोभून दिसत होता.

तीन आठवड्यांनी अभिप्राय आले. पहिला समीक्षक 'उत्तम' एवढंच लिहून मोकळा. देवमाणूस! पण दुसरा? चार पानं! अचूकता, पाचपैकी चार. भाषा, पाचपैकी चार. मी खुशीत. मग रकाना आला, 'प्रत्यक्ष करून पाहिल्याचा पुरावा', आणि तिथं शून्य. शेरा काय? 'सुकी पाने कमी पडली की चिलटे होतात, याचा पाठात उल्लेख नाही. लेखक त्या वेळी पेपर वाचत असावेत.'

मी पेपर वाचतो हे याला कसं कळलं? गुप्त आहे ना सगळं? पुढं वाचतोय आणि घाम फुटतोय... 'बादली कपड्यांच्या दोरीखाली ठेवल्यास टॉवेलांना वास लागतो.' 'झाकण लावायला विसरणारी व्यक्ती घरात असल्यास काय करावे, यावर स्वतंत्र परिच्छेद हवा.' अहो, हा समीक्षक माझ्या गॅलरीत राहतो की काय?

मी मान वर केली. जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमची ही. दुसऱ्या शाळेत भूगोल शिकवते. हातात लाल पेन, पुढ्यात समितीचा पिवळा लिफाफा.

"काय गं, तुलाही पाठ तपासायला दिलेत वाटतं?"

"सांगता येत नाही. गुप्त असतं ते," ही म्हणाली. मान खालीच.

आता भांडायचं तरी कुणाशी? भांडावं तर गुप्तता मोडली म्हणून पाठ बाद, न भांडावं तर गुन्हा कबूल. शेवटी समितीच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, या समीक्षकाचा माझ्यावर जुना राग दिसतोय." तर बाई एकदम गोड आवाजात, "छे हो सर, उलट पाठ छापाच म्हणून त्यांचाच आग्रह आहे. म्हणतात, पाठ चांगला आहे, फक्त लेखकानं एकदा करून बघावा. सहा आठवडे. रोजची नोंद, आणि खाली घरातल्या जबाबदार व्यक्तीची सही."

जबाबदार व्यक्ती! आमच्या घरात माणसं दोन, आणि त्यातला एक मी.

केलं, तुम्हाला सांगतो, सगळं केलं. चिलटं नाकात गेली, कचऱ्याचं पाणी पायावर सांडलं, एक दिवस चमचाही खतात गेला, त्याचीही नोंद झाली. ही रोज येणार, वाकून बघणार, सही करणार. आणि पाचव्या आठवड्यात झाकण उघडतो तर वास गेलेला. नुसती काळी, भुसभुशीत माती. इतका आनंद झाला हो, मी तिला हाक मारून ओंजळभर दाखवली. तीही हसली. मग सही केली.

पाठ पास झाला. छपाईला जायच्या आधी शेवटी एक ओळ घातली, 'अनामिक समीक्षकांचे मनःपूर्वक आभार', आणि वाचायला हिच्याकडे दिली.

ही वाचते, चष्मा काढते, पुसते, आणि काय निरागस चेहऱ्यानं विचारते, "कोण असतील हो बिचारे? किती वेळ घालवला तुमच्यासाठी."

म्हटलं, "सांगता येत नाही. गुप्त असतं ते." आणि गेलो बादली ढवळायला.