आधी माफी

गेल्या बुधवारी सकाळी एका कारखानदाराच्या भेटीसाठी थांबलो असता, शेजारच्या बाकावर बसलेले एका खासगी शाळेचे मुख्याध्यापक आणि तेथील देणग्या व माजी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या बाई यांचे पुढील संभाषण कानी पडले.

“सर, प्रयोगशाळेसाठी देणगी आज मागायची नाही. आधी माफी.”

“अहो बाई, आठवीतली गोष्ट! एवढा मोठा कारखानदार, विसरलाही असेल.”

“शाळेतून काढलेला मुलगा विसरत नाही. त्याला ‘प्रिय माजी विद्यार्थी’ म्हणून देणगीचं पत्र धाडलं, ही माझीच चूक.”

“चोरीचा आळ होता त्याच्यावर.”

“आणि खरा चोर महिन्याभरात सापडला. तेव्हा तरी परत बोलवायचंत.”

“लाज वाटली हो.”

“आणि आज?”

“आजही वाटते. त्यानं हाकलून दिलं तर?”

“तर निमूट निघायचं. तेवढा हक्क आहे त्याचा.”