चिंचेत भिजवलेल्या पुंगळ्या

...नाही, मी म्हणतो, बायकोला चहा विचारणं हा गुन्हा आहे का? तुम्हीच सांगा! परवा मी नुसतं दार ढकलून म्हटलं, "वरदा, चहा टाकू?" तर बाईनं हातातलं खाली ठेवलं, समोर मोजून ठेवलेली सगळी पावडर परत डब्यात ओतली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तू बोललास, माझा क्रम चुकला. आता पहिल्यापासून. इथे अंदाज चालत नाही."

तुम्हाला सांगतो, आमची वरदा एडिनबरात डेंटिस्ट आहे. लेक युनिव्हर्सिटीला गेली, घर रिकामं झालं. अशा वेळी लोक योगा करतात, गार्डनमध्ये ट्युलिप लावतात... हिनं रायफल क्लब धरला! लायसन्ससाठी पोलीस घरी आले, रायफलचं कपाट भिंतीला पक्कं आहे का ते हलवून बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, आर यू कम्फर्टेबल विथ धिस?" आता कपाटाशेजारी बायको उभी असताना माणूस काय सांगणार? म्हटलं, "व्हेरी."

बरं, रायफल आली ती आली, तर म्हणते, "विकतची काडतुसं सगळी एकसारखी नसतात रे. घरी भरते." हा सूर माझ्या ओळखीचा आहे हो, माझी आई विकतच्या लोणच्याबद्दल असंच बोलायची. मग क्लबातले म्हातारे मॅक्रे, त्यांच्या शेडमध्ये अख्खा हिवाळा शिकली, आणि मग कुठे काडतुसं भरायचं मशीन घेतलं. झाडून झालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलून आणायची, साफ करायची, मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी टिकली बसवायची, मग पुस्तकात दिलीय तेवढीच पावडर, आणि वर बुलेट. फोन खोलीबाहेर, रेडिओ बंद, नवरा तर बाहेरच! आणि ही कोण? पोह्यात मीठ किती विचारलं की "लागेल तेवढं" म्हणणारी! तीच बाई इथे काट्यावर कणभर पावडर चिमटीनं काढते, कणभर घालते, श्वास रोखून आकडा बघते. मी दाराच्या फटीतून बघतच राहतो. काय ते हात, काय तो धीर! आणि फटीतून बघतोय हेही तिला कळतं. "अंदाज चालत नाही, आणि डोकावणंही चालत नाही."

आता ऐका. रविवारी क्लबची मॅच. स्वतः भरलेल्या काडतुसांनी ती पहिल्यांदाच उतरणार होती, वर्षभर त्याच रविवारची वाट बघत होती. शनिवारी तिला क्लिनिकमध्ये इमर्जन्सी आली, आणि टेबलावर मला दिसल्या मॅचसाठी रात्री भरायला काढून ठेवलेल्या भांडंभर पुंगळ्या... काळपट! मी घरात असताना पितळ काळपट? अहो, देवघरातल्या समया, निरांजनं, सगळं मी घासतो! म्हटलं, बिचारी दमून येईल, आपण हातभार लावू. घेतली चिंच, घातलं मीठ, दिल्या भिजत. आणि टीव्हीवर लागली क्रिकेट मॅच...

ती आली तेव्हा मी ताट पुढे केलं. काय चमकत होत्या! जरा गुलाबी झाल्या होत्या, पण चमकत होत्या. तिनं दात बघायचा भिंगाचा चष्मा चढवला, एक पुंगळी उचलून फिरवली. "किती वेळ भिजत होत्या?"

मी म्हटलं, "असतील... अंदाजे..." आणि थांबलो.

ती ओरडली असती तर परवडलं असतं हो! ती म्हणाली, "आंबटानं पितळातलं जस्त निघून जातं. पुंगळी ठिसूळ होते. फुटली तर माझ्या तोंडापुढे फुटेल." मी म्हटलं, अगं, त्यातल्या बऱ्या बऱ्या निवडू. तिनं नकाराची मान हलवली. मॅक्रेंना कळलं, त्यांचा फोन आला, "टेक माइन, लास," म्हणजे माझी काडतुसं घे, पोरी. ही म्हणते, "तुमची तुमच्या रायफलसाठी भरलीत. थँक यू, पण नको." आणि सगळ्या पुंगळ्या भंगाराच्या बादलीत!

रविवारी घरी बसली असती तर कोण काय बोललं असतं? पण गेली. दिवसभर त्या भुरभुर पावसात उभी राहून दुसऱ्यांचे स्कोअर लिहिले, जिंकणाऱ्याचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं. मी गाडीत बसून बघत होतो. लाज वाटत होती हो, पण खरं सांगतो, त्याहून जास्त अभिमान वाटत होता. वर्षभराची हौस अशी एका शंकेपायी बाजूला ठेवायला मला तरी जमलं नसतं.

मॅक्रेंनाही ते दिसलं. नव्या मेंबरांना काडतुसं भरायला शिकवायचं काम त्यांनी वरदाकडे दिलं. पहिल्या तासाला ते स्वतः येतात, भंगारातून मागून नेलेल्या त्या गुलाबी पुंगळ्या काचेच्या बरणीत भरून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "धिस इज व्हॉट कॅन गो राँग." मग मागच्या खुर्चीकडे बोट दाखवतात, "अँड दॅट इज हू." मी उठतो, सगळ्यांना नमस्कार करतो, बसतो. काय करणार... क्लबात मला तेवढंच एक पद मिळालंय.